डब्यातली काकडी

डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं विचारताच मंदाकिनी ठामपणे म्हणाली, "यांचं बीपी ताब्यात राहावं म्हणून दोन वर्षं रोज डब्यात काकडीची कोशिंबीर देते. दही, थोडं दाण्याचं कूट, मीठ नावाला. मीही तेच खाते."

छातीत कळ आलेल्या तिच्या नवऱ्याला ऑफिसातून इथे आणणारे तांबोळी खाली बघू लागले. डॉक्टर गेल्यावर ते हळूच म्हणाले, "वहिनी, ती कोशिंबीर मीच खायचो. साहेब रोज कोपऱ्यावरचे वडे मागवायचे."

ती आत गेली, तेव्हा नवऱ्याने हात पुढे केला. तिने तो धरला नाही.

"उद्या डब्यात काय आणू?"

"तुझी काकडीच आण," तो हसून म्हणाला. "तिच्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.