काढ्याचा पेला

तो हॉटेलात आचारी होता. अख्खं हॉटेल त्याच्या जिभेवर चालायचं. मेंदूत गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "चव, वास नीट कळतो ना?"

तो हसला. "आईचा काढा पितो रोज. त्याचा कडूपणा दिवसभर जिभेवरून जात नाही."

डॉक्टर हसले नाहीत. "काढा आजपासून बंद. त्यात काय असतं कोणास ठाऊक. ऑपरेशनमध्ये रक्त थांबलं नाही, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

पण त्याच्या बायकोला प्रश्न पडला, सासूबाईंना हे सांगणार कोण? लेकाची गाठ काढ्यानेच विरघळणार, यावर त्या अडून बसलेल्या. शेवटी तिनेच धीर केला. त्यांची पाठ वळताच तिने काढा मोरीत ओतला आणि पेल्यात साखर घातलेला कोरा चहा भरला. नवऱ्याला आधी सांगून ठेवावं, तर सासूबाई पेला घेऊन गेल्यासुद्धा. ती दाराआड श्वास रोखून उभी राहिली. आता हा पटकन बोलून जाणार आणि सासूबाई घर डोक्यावर घेणार.

त्याने एका दमात पेला रिकामा केला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "आई, आज जरा जास्तच कडू झालाय गं."

सासूबाई समाधानाने आत गेल्या. बायको हसू दाबत त्याच्याजवळ आली. "काय नाटक केलंस रे. गोड चहा होता तो."

 

त्याने रिकामा पेला नाकाशी धरला, बराच वेळ हुंगला आणि हळूच विचारलं, "चहा होता?"