हाताखालचा माणूस

"साहेबासमोर मले बेटा म्हणू नोका, बाबा. मालक म्हणा," भैयाजीने बजावलं.

"अन् तू मले काय म्हणशील?"

भैयाजी टोपी नीट करू लागला. "पाहू तवाचं तवा."

नागपूरच्या व्यापार-व्यवस्थापनाच्या शाळेला हाताखाली माणसं वागवलेला उमेदवार हवा होता. भैयाजीच्या हाताखाली आजवर फक्त उशी आली होती. तरी गडचिरोलीचं मोहा-हिरड्याचं दुकान आपणच चालवतो, असं त्याने अर्जात ठोकून दिलं. आता शाळेचा साहेब खातरजमा करायला येत होता. दुकान बापाचं, गुणवंतरावांचं. आई सुगंधाबाईला त्याने शेजारी धाडलं. ती कोणाच्याच हाताखालची वाटली नसती.

साहेब चांद्याहून येणाऱ्या मोटारीने आला. मागून बॅग उचलून त्याचा म्हातारा चपराशी. त्याच्याकडे न बघताच साहेब "बाहेर थांब" म्हणाला आणि गादीवर बसला.

"गुणवंत्या, पाणी आण!" भैयाजी ओरडला. जीभ जरा अडखळली, पण साहेबाने मान डोलावली तशी मोकळी झाली.

गुणवंतरावांनी पाणी आणलं. गड्याचं काम त्यांच्या अंगात भिनलं असावं. "मालक, दिवाळीले नवं धोतर देता का?"

"कामचोर! निस्ता खाते अन् लोळते!" हे वाक्य मुळात बापाचंच. भैयाजीने ते रोज ऐकलेलं, त्यामुळे झकास जमलं.

साहेब खूश झाला. "आता याला काढून टाका. बघू, कचरता का."

भैयाजी पुन्हा टोपी नीट करू लागला. गुणवंतराव त्याच्याकडेच बघत होते. अडलेल्या पोराला मदत करावी तसे ते डोळ्यांनीच 'म्हण' म्हणाले.

"निघ. उद्यापासून येऊ नोको."

गुणवंतरावांनी कमरेची किल्ली काढून गादीवर ठेवली आणि आपल्याच दुकानाच्या मागच्या दाराने ते बाहेर गेले.

"प्रवेश पक्का समजा," साहेब म्हणाला.

बापाचे पाय धरायला म्हणून भैयाजी मागे धावला आणि दारातच थबकला. मोहाच्या झाडाखाली दोघं म्हातारे तंबाखू मळत बसले होते.

"मालक नाई तो," गुणवंतराव खाली बघून चपराशाला सांगत होते. "माहा पोरगा हाय. शाळेसाठी करा लागलं."

चपराशाने चुन्याचं बोट पुसलं.

"समजलं होतं मले. आतला साहेब माहा पोरगा हाय, भाऊ. त्याच्या वक्ती मीबी असाच गडी झालो होतो. मंग बाबा म्हणाचं रायूनच गेलं त्याचं."