टोपलीतली गोरी

"आली बघा पुन्हा तुमची गोरी," म्हणत मास्तरांनी टोपलीतून एक पांढरीशुभ्र अळंबी चिमटीत धरून वर काढली.

रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरकली. चष्मेवाल्याची बायको मात्र जागची हलली नाही.

दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मास्तर टेबलावर मेणकापड अंथरून बसायचे आणि रान तुडवून आलेली माणसं आपापल्या टोपल्या त्यांच्यापुढे रिकाम्या करायची. मास्तर 'चालेल' म्हणाले की मगच घरी कढई चढायची. त्यांचं नाक असं, की टोपली जिन्यात असतानाच ते वरून ओरडायचे, "कुत्र्याची छत्री आणलीय कुणीतरी, तिथंच टाका!" आणि ते खरं निघायचं. निदान मास्तर तरी तसं सांगायचे.

गोरी म्हणजे सगळ्यांत देखणी आणि सगळ्यांत घातकी. चवीला गोड. खाणारा आधी पोट धरून लोळतो, मग बरं वाटतंय म्हणून उठून बसतो, आणि मग जो आडवा होतो तो पुन्हा उठत नाही.

"हिचा बुडखा कुठाय?" मास्तरांनी विचारलं. गोरीच्या बुडाशी मातीत एक पिशवी असते, तीच तिची खूण. ही मात्र बरोबर पिशवीच्या वर सफाईनं कापलेली. दर वेळी तशीच असायची.

"मला काय माहीत?"

"वा! टोपली तुमची आणि माहीत मला?"

रांगेत खसखस पिकली. बाई हसली नाही. खाली वाकून हळूच म्हणाली, "खाताना कळतं का हो? आणि नंतर डॉक्टरला?"

"कळेपर्यंत उशीर झालेला असतो, बाई."

तिनं टोपली उचलली, पण पाय निघेना. "मास्तर, तुम्ही कधी विचारत नाही, कुठं वेचली म्हणून."

"अहो, माणसाला पगार विचारावा, बाईला वय विचारावं, पण अळंबीची जागा विचारू नये. ज्यानं वेचली त्यानं टोपली आणायची आणि मी तोंड मिटून निवडायची. आमचा नियमच आहे तो."

बाईनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"आटपा की," मागची बेकरीवाली करवादली. "तिकडं माझी भट्टी विझायची!"

बाईनं तोंड मिटलं आणि ती निघून गेली.

मास्तरांच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. रानातून आलेल्या माणसाच्या नखात माती असते, बुटाला पालापाचोळा असतो. हिची नखं स्वच्छ, बूट चकचकीत. खुणा पुसून येते बया, त्यांनी मनात म्हटलं. आणि दर खेपेला एकच गोरी, तीही बूड कापलेली! ही आपली नजर कधी चुकते याची वाट बघतेय. एकदा का चुकली, की नवरा गेला. मग ही डोळे पुसत सांगणार, मास्तर 'चालेल' म्हणाले होते. त्या बिचाऱ्याचा जीव आणि आपली मान, दोन्ही त्याच टोपलीत.

"तिलाच विचारा की सरळ," मास्तरांची बायको म्हणाली.

"चोराला विचारायचं, चोरी कधी करणार म्हणून? मला शहाणपण शिकवू नकोस."

शनिवारी दुपारी मास्तर चष्म्याच्या दुकानात गेले. चष्मेवाला एका काडीचा बारकासा स्क्रू पिळत होता. मऊ बोलणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला बघून मास्तरांना भरूनच आलं.

"कुणाला बोलू नका," मास्तर काउंटरवर वाकले. "वहिनी दर रविवारी टोपली घेऊन माझ्याकडे येतात."

स्क्रू पिळणारा हात थांबला. "तुमच्याकडे? मला तर म्हणते, बहिणीकडे जाते."

"तेच तर! आणि दर खेपेला त्यात एक गोरी निघते. बूड कापलेली, कुणाला ओळखू येऊ नये म्हणून."

"तुम्हाला येते ओळखू?"

"न येऊन कसं चालेल? दर वेळी मी ती काढून टाकतो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"तरीच," चष्मेवाला म्हणाला.

त्यानं चष्म्याची काच पुसली, उजेडात धरली, पुन्हा पुसली. माणूस हादरलाय, मास्तरांना वाटलं. बायकोनंच असं केल्यावर कोण हादरणार नाही?

"सावध राहा, एवढंच सांगायला आलो."

"फार उपकार झाले, मास्तर." चष्मेवाल्यानं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "आता ती तुमच्याकडे यायची नाही. मी बघतो तिच्याकडे. आज दुकान जरा लवकरच बंद करतो."

एक जीव वाचवल्याच्या समाधानानं मास्तर बाहेर आले आणि पायरीवर उभे राहून त्यांनी रुमालानं मान पुसली. मागे दिवे विझले. चष्मेवाला दाराआडचे जाडजूड बूट पायात चढवून आला, शटर खाली ओढलं, मास्तरांना वाकून नमस्कार केला आणि झपाझप चालू लागला. बुटांवरची वाळलेली माती पायरीवर सांडली होती.

शेजारच्या इस्त्रीवाल्या मावशींनी इस्त्री उभी केली आणि कौतुकानं त्याच्या पाठीकडे बघितलं.

"निघाला बघा रानात! स्वतः अळंबीचा तुकडा तोंडात घालत नाही, वासानंच मळमळतं त्याला. पण बायकोला आवडते ना, म्हणून दर शनिवारी जातो आणि टोपलीभर वेचून आणतो. मी म्हणते मास्तर, नवरा असावा तर असा!"