किंमत न घेता

"चहात साखर कुठाय?" तय्यब पाहुण्यासमोरच बहिणीवर खेकसला. फेस शहरात पाहुण्याला असा चहा देणं म्हणजे त्याला दार दाखवणंच.

रुकय्याने पेला तसाच पाहुण्यापुढे सरकवला. पाहुण्याने, म्हणजे जवादने, तो शांतपणे संपवला. "असू द्या, तय्यबसाहेब. राग असणारच. राहतं घर जातंय बाईंचं."

"दादा," रुकय्याने विचारलं, "मी जाऊ कुठे?"

"मी केलाय का कायदा?"

वडिलांच्या घरात भावाचे दोन हिस्से, बहिणीचा एक. विधवा रुकय्या तिथेच राहायची. तय्यब कासाब्लांकात. मेव्हण्याच्या जनाज्याला यायला त्याला सवड झाली नव्हती. आता हिस्सा विकायचा म्हटल्यावर मात्र साहेब आठवडाभर सवड काढून आले होते. घेणाराही, हाच जवाद, आपणहून चालत आला होता. मोठा वाटा हाती आल्यावर रुकय्याला बाहेर काढणं त्याला अवघड नव्हतं.

ती किटली घेऊन आत गेली. जवादने आवाज खाली आणला.

"मी विकत घ्यायचं आणि उद्या बाई शुफाचा दावा लावणार. भागीदाराचा हक्क. तेवढीच किंमत भरून माझ्या हातून काढून घेतील. वर कोर्टाच्या पायऱ्या. त्यापेक्षा तुम्ही मला बक्षीस द्या. बक्षिसाला शुफा लागत नाही."

"आणि पैसे?"

"थोडे जास्तच देतो."

"आधी द्या."

"आधी घेतलेत आणि दस्त करणाऱ्या अदूलांनी विचारलं, किंमत घेतली का, तर काय सांगाल?"

तय्यब दोनदा हज केलेला माणूस. देवाची खोटी शपथ त्याला घेववणार नव्हती. बहिणीला रस्त्यावर काढणं चालत होतं.

"नंतरच द्या," तो म्हणाला. "म्हणजे माझा शब्द खरा राहील."

सकाळी ते दोघा अदूलांपुढे बसले. त्यांतले थोरले मक्की सवयीने सांगू लागले, "विक्री म्हणजे किंमत घेऊन देणं. बक्षीस म्हणजे किंमत न घेता देणं. एकदा ताबा गेला की परत मागता येत नाही. तुमचं काय?"

"बक्षीस."

"काही घेतलंत?"

"अल्लाची शपथ, दमडीसुद्धा नाही."

दोघा अदूलांनी सह्या केल्या. तय्यबने आपली किल्ली जवादच्या हातात दिली आणि रस्त्यावर येताच हात पुढे केला.

"आणा आता."

"काय?"

"पैसे!"

"बक्षिसाचे?" जवाद म्हणाला. "जा की कोर्टात. सांगा, शपथ खोटी होती म्हणून."

आणि तो गर्दीत नाहीसा झाला.  दुपारच्या अजानपर्यंत तय्यब मशिदीच्या भिंतीला टेकून बसला. मग त्याला सुचलं. कोर्टात जाऊन कबूल करायचं, ही विक्रीच होती! शुफा लागेल, रुकय्या दागिने मोडून किंमत भरेल, आणि जवादने काही दिलंच नसल्याने ती आपल्याच पदरात पडेल. जनाची सोडा, मनाची सोडा, बहिणीची लाज तर त्याला कधी वाटलीच नव्हती. तो धावत घरी आला.

"रुकय्या! फसवलं गं त्या हरामखोराने! तू दावा लाव, मी साक्ष देतो!"

स्वयंपाकघराच्या दारात तो थबकला. आत जवाद मांडी घालून बसला होता.

"मामी, अजून अर्धा पेला," जवाद म्हणाला.

रुकय्याने तो भरला. साखरेचा डबा फडताळातच होता; त्याला चहा बिनसाखरेचाच लागायचा. मग ती भावाकडे वळली.

"ह्यांच्या जनाज्याला आला असतास ना दादा, तर खांदा देणारा हा भाचा तुला दिसला असता."