गाठीवरचं बोट

"जरा इथं बोट ठेवता?"

रिकामं सिलिंडर उचलायला वाकलेला माणूस थांबला. हेमलताबाईंच्या हातात पिवळ्या लोकरीचा जुडगा होता, मधोमध दोरा आवळलेला. त्यानं पँटला हात पुसला आणि पहिल्या वेढ्यावर बोट दाबून धरलं. बाईंनी वरून गाठ मारली, कडा कातरल्या आणि गोंडा तळहातावर घोळवला. लोकरीचा झेंडू फुलला.

"घरात कोणी नाही का मदतीला?"

"हे होते तेव्हा बोट त्यांचं असायचं. पेपर वाचता वाचता पुढं करायचे."

बाईंनी चहा विचारला. तो नको म्हणाला, अजून वरचे मजले चढायचे होते. सिलिंडर खांद्यावर घेऊन निघताना त्याची नजर दारावर गेली. चौकटभर लोकरीच्या झेंडूंचं तोरण, एकेक गाठ घट्ट.

"हे सगळं कोणी बांधून दिलं?"

बाई हातातला गोंडा उगाच कुरवाळू लागल्या. "मीच. दोरा दातांत धरला की जमतं एकटीला."

'मग मला कशाला?' त्याच्या तोंडाशी आलं होतं. पण त्यानं सिलिंडर पुन्हा खाली ठेवलं.

"आणखी एक करा," तो म्हणाला आणि बोट पुढं केलं.