न्हाणीचं पाणी

लग्न होऊन वणीला आले, तेव्हा अंगणात ती उभीच होती, न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेली, फळांनी लगडलेली लिंबोणी. “पहिल्या सुनेनं लावली,” सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. “थेंबभर पाणी वाया जाऊ देत नव्हती. देवानं नेली, म्हून ही दुसरी.” नवरा जाता-येता फांदीवरून हात फिरवायचा. माझ्या केसांवरून कधी फिरवला नाही. उन्हाळ्यात नळ आटले, तशी मी न्हाणीचा पाइप माहेराहून आणलेल्या मोगऱ्याकडे वळवला. पाणी वाया थोडंच जात होतं? लिंबोणीची पानं गळू लागली. नवरा बादली उचलून तिच्या बुंध्याशी आंघोळीला बसू लागला. “न्हाणी असून बाहेर काहून?” मी विचारलं. “अंदर लय गरमी होते.” त्याच्या अंगावरून ओघळलेलं पाणी ती पीत होती. शेवटी मीच पाइप तिच्याकडे वळवला. मोगरा वाळू दे. नवरा तरी न्हाणीत येईल.