मफलर

चहाचा ट्रे घेऊन आई पाहुण्यांच्या खोलीपाशी आली आणि दारातच थबकली. आत विहीणबाई एकट्याच बोलत होत्या.

आईच्या गळ्याभोवती मफलर होता. घसा अगदी ठणठणीत होता, पण विहीणबाई कालच सातासमुद्रापलीकडून आल्या होत्या. परदेशी जावई लेकीशी इंग्रजीत आणि सासूशी खुणांनी बोलायचा. मग त्याच्या आईला तर इंग्रजीचं बाळकडूच मिळालं असणार! सहा महिने शिलाई मशीनच्या खणात वही लपवून आईने इंग्रजी घोकली. ऐनवेळी दातखीळ बसली. लेकीला विचारायची सोय नव्हती. ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची आणि आईच्या एका वाक्यात तीन चुका काढायची. त्यापेक्षा घसा बसलेला बरा. आता लेक-जावई कामावर गेले होते आणि विहिणी घरात दोघीच. आपण तोंड उघडलं की सासूसमोर लेकीची मान खाली जाणार, या धास्तीने आईचा जीव टांगणीला लागला होता.

तिने फटीतून पाहिलं. विहीणबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मांडीवर वही, नाकावर चष्मा. बोट ओळीखालून सरकत होतं.

"युअर दोतेर... माय दोतेर." त्या 'डॉटर'पाशी अडल्या, कपाळावर हात मारला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या.

आई थक्क झाली. म्हणजे ही भाषा हिचीही नाही! हिनेही ती घोकली, म्हातारपणी, आणि ती कुणासाठी, तर माझ्यासाठी! कुठली कोण ती भाषा, एवढं जग ओलांडून या दोन वह्यांपर्यंत पोचली.

तिने ट्रे खाली ठेवला, मफलर सोडला आणि खणातली वही आणायला वळली.

संध्याकाळी लेक परतली, तेव्हा मशीनपाशी दोघी डोक्याला डोकं लावून बसल्या होत्या. भराभर बोलत होत्या, मध्येच खो-खो हसत होत्या. लेक दारात उभी राहून ऐकत राहिली. शब्द ओळखीचे वाटत होते, पण एकाही वाक्याचा अर्थ लागेना.

"आई, घसा बरा झाला? आणि ही कुठली भाषा बोलताय?"

"इंग्रजी," आई सुईत दोरा ओवत म्हणाली. "तुला नाही कळायची. आम्ही आजच केलीये."